बिडी सुटली, खर्रा राहिला : वनजिल्ह्यांतील तंबाखूमुक्तीचा अपुरा हिशेब

वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेले चंद्रपूर व गडचिरोली हे राज्याच्या पूर्व सीमेवरील दोन जिल्हे पूर्वी एकच होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा स्वतंत्रपणे अस्तित्वात आला. साग, बांबू, मोह आणि तेंदू ही या भागाची वनसंपत्ती होय. यांपैकी तेंदूचे पान म्हणजे बिडीचे वेष्टन. एप्रिल-मे महिन्यांत पहाटेच गावेच्या गावे जंगलात शिरतात, कोवळी पाने तोडून आणतात, घरी सारे कुटुंब पुडकी बांधते आणि संध्याकाळी ती फळीवर नेऊन दिली जातात. शेतीची कामे नसतानाच्या दिवसांत हाती येणारा हा रोख पैसा आहे. १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधारे अनेक ग्रामसभा आता पानांचा लिलाव स्वतः करतात.

ज्या पानावर घरखर्च चालतो त्याच पानाच्या बिडीविरुद्ध बोलावयाचे, हे आरोग्य कार्यकर्त्यापुढील पहिले अवघड काम. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपान तोडणेच बंद केल्याचे उदाहरण आहे. पानांसाठी झाडे छाटावी लागतात व जंगलाला आगी लावल्या जातात, हे त्यामागचे कारण. त्यानंतर तेथे तेंदूची फळे गावाला मिळू लागली. परंतु असा निर्णय घेण्यासाठी उत्पन्नाची दुसरी सोय हवी, आणि पाचगावाजवळ बांबू होता. प्रत्येक गावाजवळ तो असतोच असे नाही.

धूर थोडा, तंबाखू फार

बिडी-सिगारेट सोडण्यासंबंधीचे बहुतेक साहित्य पाश्चात्य देशांत तयार झालेले आहे. तेथे तंबाखू म्हणजे मुख्यतः धूर. आपल्याकडे परिस्थिती निराळी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. धूम्रपान करणारे मात्र अवघे ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. या दोन आकड्यांची बेरीज एकूण आकड्यापेक्षा अधिक भरते, ती चूक नव्हे. काही माणसे दोन्ही करतात, म्हणून ती दोन्हीकडे मोजली जातात. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुहेरी माणसेच आहेत.

या दोन जिल्ह्यांत धूरविरहित तंबाखूचा सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे खर्रा. पानठेल्यावर बारीक कातरलेली सुपारी, सुगंधी तंबाखू आणि चुना एकत्र करून प्लास्टिकच्या पन्नीत घोटून तो दिला जातो. स्त्रियांमध्ये भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावण्याची सवय आहे, तिला येथे नस म्हणतात. राज्याच्या अन्य भागांत तिचे नाव मिसरी. छत्तीसगडच्या सीमेकडून गुडाखू येतो. तंबाखू व गूळ यांचे हे मळण, दात घासण्याच्या निमित्ताने सकाळ-संध्याकाळ तोंडात जाते. या साऱ्यांत निकोटिन हे एकच द्रव्य व्यसनाचे मूळ आहे. मार्ग मात्र वेगवेगळे.

ते असे. बिडीच्या धुरातील निकोटिन फुप्फुसांतून रक्तात मिसळून दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. खऱ्र्यातील निकोटिन गालाच्या आतील अस्तरातून हळूहळू शोषले जाते. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी बनते आणि हे शोषण सुलभ होते. चुना केवळ चवीसाठी घातला जात नाही, हे पानठेलेवाल्याला ठाऊक नसले तरी त्याच्या गिऱ्हाइकाच्या मेंदूला ठाऊक असते. रक्तातील निकोटिनचे प्रमाण साधारणतः दोन तासांत निम्मे होते. ते उतरू लागले की चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणे, झोपमोड ही लक्षणे सुरू होतात. तंबाखू पूर्णपणे बंद केल्यास हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो व दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

आता ज्याने बिडी सोडली पण खर्रा ठेवला, त्याची स्थिती पाहावी. बिडी सोडल्यानंतर त्याला फारसा त्रास होत नाही, कारण मेंदूला हवे ते गालातून मिळतच असते. बिडी सहज सुटली असे तो अभिमानाने सांगतो व ते खोटेही नसते. फक्त खऱ्र्याच्या पुड्या दोनच्या चार झालेल्या असतात. आरोग्य केंद्राच्या वहीत मात्र “धूम्रपान सोडले” अशी नोंद होते.

या बदलाने काहीच लाभ होत नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. धूर थांबल्याने फुप्फुसे व श्वसनमार्ग यांना निश्चित आराम मिळतो, घरातील मुलांच्या नाकात धूर जात नाही. स्वीडनमध्ये स्नूस नावाची ओठाखाली ठेवावयाची तंबाखू पुरुषांत फार प्रचलित आहे आणि तेथील पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे, याचा दाखला अनेकदा दिला जातो. परंतु स्नूस म्हणजे खर्रा नव्हे. स्नूसमधील कर्करोगकारक घटक प्रक्रियेद्वारे कमी केलेले असतात व त्यात सुपारी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखूची जोड नसतानाही, मानवास कर्करोगकारक ठरविले आहे. सुपारीमुळे गालाचे अस्तर कडक होत जाते, तिखट सोसत नाही आणि हळूहळू तोंड पूर्ण उघडेनासे होते. म्हणजे बिडीकडून खऱ्र्याकडे गेलेल्या माणसाने फुप्फुसावरचा भार हलका करून तो तोंडावर घेतला. “तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो,” असे सांगणाऱ्याचे अभिनंदन करताना हीच गोष्ट ध्यानात ठेवावी.

ज्यांनी बिडी पुरती सोडलेली नाही, केवळ कमी केली, त्यांची फसगत याहून मोठी आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यास-संकलनात असे आढळले की, दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या वाट्याला वीस सिगारेट ओढणाऱ्याच्या हृदयविकाराच्या वाढीव धोक्यापैकी जवळजवळ निम्मा धोका येतो. विसाचा विसावा हिस्सा नव्हे, निम्मा. खर्रा वाढवून बिड्या दहावरून दोनवर आणणे हृदयाच्या दृष्टीने मोठीशी कमाई ठरत नाही.

चिलीम आणि विजेरीवरची नळी

निकोटिनचा आणखी एक आडमार्ग चिलमीतून जातो. गांजा ओढताना त्यात तंबाखू मिसळण्याची रीत जुनी आहे. कोठे चिलमीत सुकी तंबाखू चुरतात, कोठे बिडी-सिगारेट मोकळी करून तिच्यात गांजा भरतात. असा माणूस बिडी सोडल्याचे सांगतो तेव्हा त्याच्या हिशेबात चिलमीतील तंबाखू धरलेली नसते, कारण त्याच्या लेखी तो गांजा असतो. परिणामी निकोटिनची ओढ मनातून कधीच जात नाही आणि काही आठवड्यांनी बिडी परत येते. दुसरी अडचण अशी की, नियमित गांजा बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात होणारी चिडचिड, निद्रानाश, भूक मंदावणे ही लक्षणे तंबाखू सोडल्यानंतरच्या लक्षणांशी मिळतीजुळती आहेत. कोणत्या व्यसनाचा त्रास कोणता, हे त्या माणसालाच उमगत नाही. गांजा ठेवावयाचा आणि तंबाखू सोडावयाची हा बेत चिलमीच्या बाबतीत मुळातच टिकणारा नाही. दोन्ही एकत्र भरलेली आहेत, तेव्हा ती एकत्रच सोडावी लागतात.

इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा प्रश्न या जिल्ह्यांत खऱ्र्याच्या मानाने अल्प आहे, तथापि शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना त्याची माहिती असणे इष्ट. विजेरीवर चालणाऱ्या या नळीत निकोटिनयुक्त द्रव तापवून त्याची वाफ ओढली जाते. तीत जळण नसल्याने डांबर व कार्बन मोनॉक्साइड हे धुरातील घातक घटक टळतात. ब्रिटनमध्ये प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्याचे साधन म्हणून तिची शिफारस केली जाते आणि निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांपेक्षा तिच्या साहाय्याने काहीसे अधिक लोक सिगारेट सोडू शकले, असे तुलनात्मक अभ्यासांतून दिसून आले आहे. भारताने वेगळा मार्ग स्वीकारला. ‘इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध अधिनियम, २०१९’ अन्वये तिचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. नव्या पिढीला निकोटिनचे नवे दार उघडू नये हा त्यामागील हेतू. येथे मिळणारी नळी चोरट्या मार्गाने आलेली असते, तिच्यातील द्रवात काय व किती आहे याची हमी कोणी देत नाही. शिवाय जगभरचा अनुभव असा की, पुष्कळ लोक नळी घेतात पण सिगारेटही सोडत नाहीत. तसे झाल्यास धुराचा धोका कायम राहतो आणि वर निकोटिनची मात्रा वाढते.

लपविलेल्या गोष्टी

मद्याचा विषय येथे टाळता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात लोकआंदोलनानंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली व २०२१ मध्ये उठविण्यात आली. वैनगंगेच्या एका तीरावर बंदी, दुसऱ्या तीरावर परवाना, अशी आजची स्थिती. मोहाच्या फुलांना आदिवासी जीवनात अन्न म्हणून आणि पूजेत मान आहे. त्यांपासून काढलेली दारू लग्नकार्यात व सणासुदीला असतेच. तंबाखू सोडू पाहणाऱ्याचा निश्चय नेमका याच ठिकाणी ढळतो. दारूने मनाचा लगाम सैल होतो, भोवती चार जण खर्रा घोटीत बसलेले असतात. पहिल्या काही आठवड्यांत अशा बैठकी टाळणे हा उपाय साधा असला तरी औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. मात्र जो माणूस दररोज मोठ्या प्रमाणात पितो, त्याने दारू एकाएकी बंद करू नये. त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो व प्रसंगी जिवावर बेतते. ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडली पाहिजे.

शासकीय कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने येथे एक पेच आहे. बिडी कायदेशीर, तेव्हा ती माणूस सांगतो. सुगंधी तंबाखूवर राज्यात बंदी, गांजा व चिलीम म्हणजे गुन्हा, गडचिरोलीत दारू म्हणजे गुन्हा. हे तो सांगत नाही, विशेषतः प्रश्न विचारणारा सरकारी खुर्चीत असेल तर. त्यामुळे ज्या सवयी बिडीला परत आणतात त्याच वहीत उतरत नाहीत. उपचार करणाऱ्याने चौकशीचा सूर ठेवला की माहितीचे दार बंद झालेच. ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ च्या कलम ६४-अ मध्ये यासंबंधी तरतूद आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ इच्छीत असेल, तर तिच्यावर खटला चालविला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास ही सूट काढून घेता येते. ही तरतूद ग्रामपातळीवर फारशी कोणाला ठाऊक नाही. पोलीस पाटील आणि सरपंच यांनी ती आवर्जून वाचावी अशी आहे.

विचारण्याची पद्धतही बदलावयास हवी. “तुम्ही बिडी ओढता का?” या प्रश्नाला “नाही” असे उत्तर देणारा दिवसाला पाच खर्रे खाणारा असू शकतो. “नस लावता का?” असे विचारल्यावर बाई नाही म्हणते, परंतु गुडाखूने दात घासत असते, आणि तिच्या मते ते दंतमंजन असते. गेल्या सात दिवसांत बिडी, खर्रा, साधी तंबाखू, नस, गुडाखू, चिलीम यांपैकी काय काय झाले, हे एकेक नाव घेऊन विचारावे. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत तर हे अत्यावश्यक आहे. मुंबईत झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची आढळली. या माता धूम्रपान करणाऱ्या नव्हत्या. “बिडी ओढत नाही” एवढ्या उत्तरावर थांबले असते तर त्या सर्व जणी निर्धोक ठरल्या असत्या.

सोडताना

चहाचाही येथे संबंध येतो, हे वाचून काहींना नवल वाटेल. बिडीच्या धुरातील डांबरी द्रव्यांमुळे यकृतातील एक विशिष्ट विकर अधिक जोमाने काम करीत असते. ते कॅफीन आणि काही औषधे झपाट्याने निकामी करते. धूर थांबला की थोड्याच दिवसांत हा वेग उतरतो. पूर्वीइतकाच चहा घेतला तरी रक्तातील कॅफीन सुमारे दुप्पट होऊ शकते. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री झोप नाही, आणि दोष मात्र बिडी सोडण्याला दिला जातो. बिडी सोडणाऱ्याने पहिल्या महिन्यात चहा निम्म्यावर आणावा. दम्यासाठी थिओफायलीन घेणाऱ्या रुग्णाने बिडी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगितले पाहिजे, कारण औषधाची मात्रा कमी करावी लागू शकते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. खर्रा सोडणाऱ्याला ही काळजी घ्यावी लागत नाही.

निकोटिनची २ मिलिग्रॅमची चघळण्याची गोळी औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. पुष्कळांना तिचा गुण येत नाही, कारण ती खऱ्र्यासारखी सतत चावली जाते. ती थोडी चावून, झणझणीतपणा जाणवताच गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावयाची असते. चव गेली की पुन्हा थोडी चावावयाची. चहा किंवा आंबट पेय घेतल्यानंतर लगेच ती घेतल्यास शोषण होत नाही. चुन्याचे जे कार्य वर सांगितले त्याच्या नेमके उलट येथे घडते. ज्यांचे तोंड सुपारीमुळे आखडले आहे त्यांना गोळी चावणेच कठीण, त्यांच्यासाठी त्वचेवर लावण्याची पट्टी आहे. किती मात्रेने सुरुवात करावी हे ठरविताना बिड्यांसह खऱ्र्याच्या पुड्याही डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. केवळ बिड्या मोजून दिलेली मात्रा अपुरी पडते, आणि मग औषधाचा उपयोग झाला नाही असा बोभाटा होतो.

सर्व व्यसने एकदम सोडावीत की एकामागून एक, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तंबाखूचे सर्व प्रकार एकाच दिवशी सोडणे हेच श्रेयस्कर, कारण ते एकच व्यसन आहे. दारूच्या बाबतीत पूर्वी अशी समजूत होती की, दारू सोडणाऱ्याला निदान तंबाखू तरी राहू द्यावी, अन्यथा तो दोन्हीकडे परतेल. उपचार केंद्रांतील अभ्यासांनी ही समजूत टिकू दिलेली नाही. तंबाखू सोडण्यास साहाय्य दिल्याने दारूमुक्तीस बाध येत नाही, उलट मदत होते, असेच त्यांतून आढळले आहे. पानठेल्यावरून निघून मोहाच्या दारूच्या घरी आणि तेथून परत पानठेल्यावर, ही फेरी ज्याने पाहिली आहे त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

गडचिरोलीत या दिशेने जो सर्वांत मोठा प्रयत्न झाला तो ‘मुक्तिपथ’ होय. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था, महाराष्ट्र शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहयोगाने २०१६ मध्ये तो सुरू झाला. दारू आणि तंबाखू या दोहोंना एकाच कार्यक्रमात धरणे हे त्याचे वैशिष्ट्य. बाराही तालुक्यांत काम, गावोगावी स्त्री-पुरुषांच्या संघटना, ग्रामसभांचे विक्रीबंदीचे ठराव, तालुक्याच्या ठिकाणी उपचार क्लिनिक व गावात शिबिरे असे त्याचे स्वरूप राहिले आहे. खर्रा कारखान्यात नव्हे तर गावच्या ठेल्यावर तयार होतो, म्हणून त्याच्यावरील बंदी मंत्रालयाच्या आदेशाने निम्मी आणि ग्रामसभेच्या ठरावाने निम्मी अमलात येते. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली तेव्हा पुड्या दुकानांतून आत गेल्या, पण ठेल्यावरचे घोटणे चालूच राहिले. ज्या गावाने स्वतः ठराव केला तेथे ठेलेवाला हा गावचाच माणूस असतो, त्याला चणे-फुटाण्यांकडे वळविणे गावाला जमते.

शाळेच्या आवारापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री, या दोन्हींस २००३ च्या कायद्याने मनाई आहे. मुलाला खर्रा आणावयास ठेल्यावर धाडणारा बापही या मनाईच्या कक्षेत ठेलेवाल्याला आणतो, ही गोष्ट पालक सभेत एकदा सांगितलेली बरी. शिक्षकाच्या खिशातील पुडीबद्दल सभेत कोणी विचारीत नाही, मुलांना मात्र ती दिसते.

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक निःशुल्क असून तो तंबाखूच्या वेष्टनांवरही छापलेला असतो. खर्रा पन्नीत मिळतो, तिच्यावर काहीच छापलेले नसते. म्हणून हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर, अंगणवाडीच्या भिंतीवर आणि तेंदूच्या हंगामात फळीवर लिहून ठेवावा लागेल. गांजा व इतर अमली पदार्थांसाठी १४४४६ हा क्रमांक आहे. आरोग्य उपकेंद्राच्या वहीत “धूम्रपान” या एका रकान्याऐवजी बिडी, खर्रा, नस, गुडाखू, चिलीम असे पाच रकाने आखण्यास एक पट्टी आणि पेन्सिल पुरेशी होते.